उघडल्याची तारीख

डोळे आलेत, म्हणतात सगळे,
जणू इतके दिवस गावाला गेले होते.
मी विचारते, खाज की दुखणं?
एक की दोन्ही?
सकाळी पापण्या चिकटतात का, उजेड सोसतो का,
लेन्स लावता का?
मागं रांग खोळंबते. कुणीतरी म्हणतं,
"ताई, औषध द्या की, मुलाखत कशाला घेताय?"

गंगावेशीतलं आमचं दुकान, दहा बाय बारा.
पलीकडं दुधाचा कट्टा. म्हशी, वैरण, भुस्सा,
वरून मार्चचं कोरडं वारं.
गुऱ्हाळं बंद व्हायला आली, तरी चिपाडाची भुकटी
पंचगंगा ओलांडून येते, शोकेसच्या काचेवर बसते.
इरफान रोज दोनदा काच पुसतो
आणि रोज दोनदा शिंकतो.

इरफान बागवान, बारावी, तीही दुसऱ्या खेपेला.
पण पायरी चढणारं गिऱ्हाईक
माझ्याआधी त्याला कळतं.
"मनगटानं चोळत आला म्हंजे खाज, मॅडम.
हातच लावू देत नाही, तो तुमचा."

तसा एकजण आला उद्यमनगरातून,
ग्राइंडरवरचा पोरगा, उजवा डोळा रुमालाखाली.
खडा गेलाय, थेंब द्या, पाळी चुकतीया.
थेंब दिले नाहीत.
इरफाननं त्याला गाडीवर मागं घातलं
आणि थेट सीपीआरला नेलं.
बिल शून्य.
बोंद्रेकाकांनी वहीतून मान वर केली,
चष्मा पुसला, परत खाली घातली.
त्यांचं न बोलणंही आमच्या दुकानात
फार उपयोगाचं.

डंकावरच्या इंगवले मावशींना सांगितलं,
गार पाण्याची पट्टी ठेवा, दहा मिनिटं.
"दहा मिनिटं? मग मिरची कोण कुटंल, तू?"
पण जाता जाता वळून विचारतात,
"बाटली फ्रीजमधे ठिवली तर चालंल का गं?"
चालेल, मावशी. बरंच वाटेल.

मग लंकाताई आल्या.
मुलगा तालमीत आहे, चौदाचा, यशराज.
अंगावर लाल मातीचा वास, डोळे मातीच्याच रंगाचे.
दरवर्षी उन्हाळा लागला की खाज,
चोळून चोळून बुबुळाच्या कडा मळकट झालेल्या.
त्यांनी पिशवीतून रिकामी बाटली काढली.
"हीच द्या. हिनं लगेच उतरतं.
आता घालूनसुद्धा जरा अंधुक दिसतंय म्हणतोय,
म्हणून दोन द्या."

मी बाटली फिरवून पाहिली.
लेबलवर काळ्या मार्करनं तारीख होती.
चौदा मार्च, गेल्या वर्षीची.
चारातला उलटा कोन, मार्चच्या चवरची तिरकी रेघ,
अक्षर माझं.

चिठ्ठी होती तेव्हा डॉक्टरांची, सात दिवसांची.
मी नियमानं उघडल्याची तारीख घातली,
महिन्यानं फेकून द्या म्हटलं.
त्यांनी फेकलीही असती.
पण ही दाखवली की कुठल्याही दुकानात
दुसरी मिळत गेली, वर्षभर, तशीच,
आणि घरात जपून राहिली ती नमुन्याची म्हणून,
माझ्या अक्षरासकट.

काय सांगू? सांगितलं तेवढंच, जे सांगायचं होतं.
की हे थेंब लाली उतरवतात
आणि आतून डोळ्यावर दाब चढवतात, चुपचाप.
की आपल्या मनानं आता घालूही नका, सोडूही नका,
आज दुपारीच दाखवा.
इरफाननं डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावला.
लंकाताई म्हणाल्या, "तुम्हीच तर दिली होती."
त्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

यशराज पायरीवर उभा, मनगट वर उचललेलं.
इरफान म्हणाला, "भावा, चोळू नको,
समोरचा पट काढंल आणि तुला दिसायचा न्हाई."
पोरगं हसलं. हात खाली घेतला.

पुढं काय झालं ते अजून कळलेलं नाही.
तपासण्या चालू आहेत.
ती बाटली माझ्या गल्ल्याच्या खणात आहे,
सुट्ट्या पैशांच्या शेजारी.

हल्ली मी दोन तारखा घालते.
उघडल्याची,
आणि खाली, मोठ्या अक्षरात, थांबायची.
रांग खोळंबते.